लूम थांबल्यावर

आमच्या घरात कोणाला बोलवायचे असेल तर हाक मारीत नसत. ताप्तीकाठच्या आमच्या शहरातल्या शनवारा या विणकरांच्या वस्तीत, त्या घराच्या पुढच्या खोलीत दोन पावरलूम होते, आणि ते सुरू असताना एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत शब्द पोचवणे कोणाच्याही घशाला शक्य नव्हते. म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, तुटलेल्या सुताचा सुपारीएवढा बोळा करीत आणि हव्या त्या माणसाच्या अंगावर टाकीत. बोळा लागला की मान वर करायची आणि त्यांच्या हातांकडे पाहायचे. मूठ ओठांशी नेली की पाणी हवे. दोन तळवे एकमेकांवर थापले की भाकरी झाली का, हा प्रश्न. बोटांची चुटकी हवेत मोडली की धागा तुटला, इकडे या. नाकावर बोट ठेवून डोळे मोठे केले की समोरच्या काकू येत आहेत, शेवेचा डबा आत न्या. माझे आईवडील भांडत तेही याच भाषेत. माय पदर झटकून स्वयंपाकघरात गेली की भांडण संपले, असे आम्ही समजत असू. ही काही आमच्याच घराची खासियत नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक लूमच्या घरात थोड्याफार फरकाने हेच चाले, आणि आमच्या गल्लीतली मुले बाहेर कुठे गेली की तिथले लोक त्यांना मोठ्याने बोलणारी आणि हातवारे करणारी म्हणून ओळखत.

या आवाजाची सवय कशी असते हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगणे कठीण. तो आवाज आम्हांला ऐकू येत नसे. थांबला की मात्र ऐकू येई. दुपारी वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होई आणि त्या शांततेत, आधीच्या आवाजाच्या बेताने बोलणाऱ्या एखाद्या बाईचे वाक्य सर्वांना ऐकू जाई. “अन् मी म्हटलं, तुझ्या सासूले सांग!” असे काहीतरी. मग हशा. मग सगळे ओट्यावर येत, कोणी केळी सोलत, कोणी मुलांच्या वेण्या घालीत, आणि वीज येईपर्यंत दिवसभराचे बोलून घेत. माय अशा वेळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे पीठ मळायला घेई, कारण मळताना तोंड मोकळे राहते.

घरात आम्ही पाच माणसे. आप्पा, माय, आप्पांची धाकटी बहीण प्रभाआत्या, मी, आणि माझी बहीण इंदू. मी तेव्हा सातवीत होते. इंदू चार वर्षांची होती, गोरी, नाकीडोळी नीटस, आणि सगळ्या गल्लीत शहाणी म्हणून नावाजलेली. कांडी भरायला, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळीवर चरख्याने सूत गुंडाळायला, बसलेल्या मायच्या शेजारी ती तासन्‌तास रिकाम्या कांड्यांची उतरंड रचीत बसे. बोळा लागला की लगेच वळे. आप्पांनी मूठ ओठांशी नेली की माझ्या आधी उठून तांब्या आणी. ती बोलत नसे, पण त्याची कोणाला काळजी नव्हती. लूमवाल्यांची मुले उशिरा बोलतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होते. मी स्वतः तीन वर्षांची होईपर्यंत चार शब्दांवर भागवले होते, असे माय सांगे.

गल्लीच्या टोकाला मंदिराच्या धर्मशाळेत एक बालवाडी भरत असे. ती चालवणाऱ्या संस्थेच्या कमलताई दुपारी मुले घरी गेली की एकेका घरी जाऊन बसत. उंच, सावळ्या, पायांत जाड तळाच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांचे येणे लोकांना प्रथम उमगत नसे. सरकारी माणूस काही लिहून घ्यायला येतो, डॉक्टर आजारी माणसाकडे येतो, नातलग लग्नाला नाहीतर मयताला येतो. या बाई काहीच घडलेले नसताना येत. आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आप्पांनी लूम थांबवून सरळ विचारले, “ताई, आमच्या घरी आग लागली का? बंब घेऊन आल्या ते?”

“बंब नाही भाऊ, पाणी प्यायला आले,” कमलताई म्हणाल्या. “ऊन किती आहे बाहेर!”

पाणी पिऊन झाल्यावर त्या गेल्या नाहीत. मायच्या शेजारी बसल्या, दुसरा चरखा ओढला आणि कांड्या भरू लागल्या. त्यांना ते नीट येत नव्हते. सूत सैल बसे आणि माय त्यांच्या कांड्या गुपचूप उलगडून पुन्हा भरी. पण त्या दर आठवड्याला येत, बसत, आणि मायला लूमच्या आवाजातही त्यांच्याशी बोलता येई, कारण दोघींची डोकी चरख्यावर जवळजवळ असत. कोणते मूल जेवत नाही, कोणाचा नवरा सुरतेला गेला तो पैसे पाठवतो की नाही, कोणाची मुलगी शाळेतून काढायचे घाटत आहे, हे सगळे त्यांना अशा चरख्यांवरच कळत असावे. मी पुढे शिक्षिका झाले, पालकसभा घेतल्या, आणि तेव्हा लक्षात आले की समोरासमोर बसवून विचारलेल्या प्रश्नाला माणूस उत्तर देतो, पण शेजारी बसून एकच काम करणाऱ्याला तो न विचारलेलेही सांगतो. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नाही.

एके दिवशी कमलताई मायला म्हणाल्या, “वहिनी, इंदू बालवाडीत सगळं करते. टाळ्या वाजवते, गाण्याला हात वर करते. पण आधी शेजारच्या मुलीकडे बघते, मग करते. हिचे कान एकदा दाखवून घेऊ या.”

माय हसली. आप्पांना बोळा टाकून तिने बोलावले आणि सगळे सांगितले. आप्पा चिडले नाहीत, उलट त्यांना गंमत वाटली. “पाहा ताई,” ते म्हणाले. इंदू लूमकडे पाठ करून फरशीवर कांड्या रचीत होती. आप्पांनी जाऊन दोन्ही लूमचा खटका खाली ओढला. आवाज थांबला आणि त्याच क्षणी इंदूने मान वर करून मागे पाहिले. “झालं? मागं पाह्यलं का नाही? बहिरं पोरगं कशाले पाहीन?” प्रभाआत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “ताई, तुमचे कान दाखवून घ्या.” सगळे हसले. कमलताईही हसल्या.

त्यांनी वाद घातला नाही, हे मला आजही विशेष वाटते. त्या पुन्हा कांडी भरायला बसल्या, आणि जाताना उंबऱ्यात मायला एवढेच म्हणाल्या, “वहिनी, ती कशावर बसलेली असते तेव्हा मागे बघते, तेवढं लक्षात ठेवा. पुढच्या आठवड्यात मला सांगा.”

मायने ते लक्षात ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उन्हात टाकलेल्या गोधड्या आत आणल्या, खोलीच्या कोपऱ्यात त्यांची चळत रचली आणि इंदूला वर बसवून हातात कांड्या दिल्या. मला कळेना की खेळायला फरशी असताना हे कशासाठी. मग वीज गेली. नेहमीप्रमाणे गल्ली एकदम गप्प झाली, शेजारच्या घरातले तान्हे दचकून रडू लागले, कोणीतरी “आली का गेली?” असे ओरडले. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. इंदूने केली नाही. ती एकावर एक कांडी ठेवीत राहिली. मायने तिच्या पाठीमागे उभे राहून तिला हाक मारली. हाक नावाची गोष्ट आमच्या घरात क्वचितच होई, म्हणून मला ती परकी वाटली. “इंदू.” मग मोठ्याने, “इंदू!” मग मायने तिला उचलून फरशीवर ठेवले आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसली.

ध्वनीचे प्रकरण मी कितीतरी वर्षे सहावी-सातवीच्या मुलांना शिकवले. ध्वनी म्हणजे कंपन, आणि ते हवेपेक्षा घन पदार्थांतून अधिक चांगले जाते. बाकावर कान ठेवायला लावून मी मुलांना ते दाखवीत असे. आमचे दोन्ही लूम फरशीत बोल्टांनी आवळलेले होते. इंदूला लूम थांबल्याचे कळे ते कानांनी नव्हे, तर मांड्यांनी आणि तळव्यांनी. घर तिच्याशी चार वर्षे हातांनी बोलत होते, आणि ती हातांनी सगळे समजून घेत होती. दुसऱ्या कोणत्याही घरात ही गोष्ट कितीतरी आधी ध्यानात आली असती. आमच्या घरात ती ध्यानात येण्यासाठी वीज जावी लागली.

मायने आप्पांना त्याच संध्याकाळी सांगितले. त्यांनी स्वतः इंदूला गोधडीवर बसवून, लूम थांबवून पुन्हा पाहिले. नाकारायला त्यांच्याकडे काही नव्हते.  पण मग ते म्हणाले, “प्रभाचं होऊ दे.” याचा अर्थ घरात सर्वांना कळत होता. आत्याला पाहायला डोईफोडियाहून पाहुणे येणार होते. कापूस आणि केळीची शेती, एकुलता मुलगा, पत्रिका जुळलेली, नुसती भेट बाकी. घरात मुके मूल आहे असे कळले तर लोक रक्ताचा विचार करतात. आप्पांचे म्हणणे एवढेच की आत्याचे लग्न पार पडावे, मग इंदूचे कान, नाक, घसा सगळे दाखवू.

कमलताईंना हे मायने कांड्या भरताना सांगितले. त्या म्हणाल्या, “लग्न कधी?”

“जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात.”

“वहिनी, बोलणं शिकायचं वय असतं. लहानपणी कान उघडले तर जीभ उघडते. वर्ष गेलं तर ते परत आणता येत नाही. इंदूरला एक डॉक्टर सोमवारी मुलं तपासतात. मी बरोबर येईन. पण न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी ठरवणार नाही.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “भाऊंचं खोटं नाही. लोक तसं म्हणतातच.” प्रभाआत्या तिथेच तांदूळ निवडत होती. तिने सूप एकदा जोरात आपटले.

पाहुणे आले त्या दिवशी घर सकाळपासून वेगळेच होते. पाहुण्यांसाठी लूम बंद ठेवण्याची रीत होती. माय दराबा करीत होती. रवा, तूप आणि साखर हाताने फेसून फेसून ते मिश्रण लोण्यासारखे हलके करावे लागते, आणि त्या कामात तिचा खांदा दुखून येई. इंदूला समोरच्या काकूंकडे ठेवले होते. मुलाची आई, एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई, आणि त्यांचे दीर असे दोघे आले. आत्याने पोहे आणले, मान खाली घालून बसली, स्वयंपाक येतो का, शिवण येते का, हे झाले. सगळे बरे चालले होते. तेवढ्यात मागच्या दाराने इंदू आली. काकूंना डुलकी लागली असावी. ती सरळ पुढच्या खोलीत आली आणि पाहुणीच्या बांगड्यांकडे पाहत उभी राहिली.

त्या बाईंना मुलांची आवड होती, तेच नडले. इंदू बांगड्या पाहून वळली, तशी त्यांनी मागून हाक मारली, “अगं बाळा, नाव तर सांगून जा!” इंदू चालत राहिली. “ए छकुली!” लूम बंद होते, त्यामुळे ती हाक खोलीत अगदी स्पष्ट उभी राहिली. एरवी आमच्या घरात या गोष्टीवर आवाजाचे पांघरूण असे. त्या दिवशी ते आम्हीच काढून ठेवले होते. “लाजाळू आहे का?” त्यांनी विचारले. आप्पा म्हणाले, “हो, थोडी…” आणि मायने दराब्याची वाटी पुढे केली.

“लाजत नाही काकू,” प्रभाआत्या म्हणाली. तिने मान वर केली होती. “तिले ऐकू येत नाही. सोमवारी इंदूरले नेऊन राह्यलो.”

मला तेव्हा सगळ्यांत जास्त कशाने धक्का बसला असेल तर ‘सोमवारी’ या शब्दाने. आमच्या घरात तो वार अजून कोणी ठरवलेला नव्हता.

“जन्मापासून?” पाहुणीने विचारले.

“तेच विचाराले नेऊन राह्यलो.”

बाईंनी दराबा खाल्ला, चांगला झाला म्हणाल्या, इंदूच्या हातावर एक चमचा ठेवला, आणि लवकरच उठल्या. ते गेल्यावर आप्पा आत्याला म्हणाले, “तुले काय गरज होती? मी सांभाळत होतो ना?”

“दादा, लग्नानंतर कळलं असतं तर त्या बाईनं मले जन्मभर ऐकवलं असतं. आता एकदाच ऐकून गेली,” आत्या म्हणाली. “अन् पोरगी गोधडीवर बसून वर्षभर माझ्या वरातीची वाट पाहीन का?” एवढे बोलून ती पोह्यांच्या बशा गोळा करू लागली, आणि आत गेल्यावर मी पाहिले तर तिने नळ विनाकारण सोडून ठेवला होता.

आठवडाभराने निरोप आला की पत्रिका जुळत नाही. ती आधी जुळली होती याची आठवण कोणी कोणाला करून दिली नाही. आत्याचे लग्न पुढे जसोंडीला झाले, केळीच्या बागायतीत, आणि ती तिथे सुखाने नांदली. पण त्या आठवड्यात हे कोणाला माहीत नव्हते, आणि आत्याला तर नव्हतेच. ही गोष्ट सांगताना मी नेहमी इथे थांबते, कारण ऐकणाऱ्यांना शेवट गोड असल्याचे कळले की त्या आठवड्याची किंमत ते कमी धरतात.

निरोप येण्याच्या आधीच तो सोमवार येऊन गेला होता. आप्पांनी लूम बंद केले, धुतलेला सदरा घातला आणि इंदूला कडेवर घेऊन माय आणि कमलताईंबरोबर पहाटेची बस धरली. मी गेले नव्हते. सांगते ते मायकडून ऐकलेले. इंदूच्या एका कानात काहीच नव्हते, दुसऱ्यात थोडेसे होते. यंत्र लावले, रोज बोलले, तर ती बोलेल, असे डॉक्टर म्हणाले. रोज म्हणजे रोज, आणि शांत जागी. “शांत जागी” हे ऐकून आप्पांनी कमलताईंकडे पाहिले आणि कमलताईंनी आप्पांकडे, असे माय सांगे.

यंत्र आले ते काडेपेटीहून मोठ्या डबीचे, गळ्यात पट्ट्याने अडकवायचे, वर तार आणि कानात घालायचे बोंड. घरी आणून ते लावले आणि लूम सुरू झाला, तर इंदूने किंचाळून ते उपटून फेकले. आम्हांला जे कधीच ऐकू येत नव्हते ते तिने एका क्षणात सगळे ऐकले असावे. त्यानंतर आप्पांनी ठरवले, की दिवेलागणीला एक तास लूम बंद. वीज असताना, सूत चढलेले असताना, व्यापारी माल मागत असताना. शेजारच्या घरांचे लूम सुरूच असत, म्हणून आम्ही सगळे मागे स्वयंपाकघरात बसत असू. आप्पा रोज खटक्यापाशी उभे राहून मोठ्याने म्हणत, “बंद!” आणि खटका ओढत.

पहिले काही दिवस फजितीचे गेले. बसलो खरे, पण बोलायचे काय? आप्पा भिंतीला टेकून म्हणत, “रोज इतकं काय बोलाचं?” आम्ही एकमेकांशी कधी सलग बोललोच नव्हतो. जे बोलत होतो ते ओरडून. कमलताई एकदा त्या वेळी आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो हळू! यंत्र तिला दिलंय, तुम्हांला नाही.” त्यांनी शिकवले की तोंड उजेडाकडे करून बोलायचे, हातात जी वस्तू असेल तिचे नाव घ्यायचे, आणि हात शक्यतो मांडीखाली ठेवायचे. आप्पांचे हात पुन्हा पुन्हा वर येत. माय सुचेल ते सांगे: हे पीठ, हे पाणी, आता मीठ, आता मळते. मग आप्पा आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागले, ताप्तीच्या पुरात वाहत आलेल्या भोपळ्याची, आजोबांच्या हातमागाची. त्यांतली एकही मी तोवर ऐकलेली नव्हती. त्या तासाला आमच्याकडे इंदूचा तास म्हणत. तो इंदूला जितका मिळाला तितकाच मलाही मिळाला.

इंदू आज खंडव्याला असते. तिला नातवंडे आहेत. तिचे यंत्र आता कानामागे मुगाएवढे बसते, आणि आमच्या गप्पांचा कंटाळा आला की ती ते काढून पर्समध्ये ठेवते. मग मी तिला बोळा मारते.

ती बोलली ते यंत्र आल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. आम्ही ‘माय’ या शब्दाची वाट पाहत होतो. माय तर रोज स्वतःकडे बोट दाखवून शंभर वेळा म्हणे. एका भर दुपारी आप्पा लूमवर होते, घाईचा माल होता, सणाच्या आधीचे दिवस. इंदूचे यंत्र खुंटीला होते. ती तळव्यांनी फरशी चाचपीत उठली, खटक्यापाशी जाऊन उभी राहिली आणि आप्पांकडे पाहून तोंड उघडले. आवाज अर्थात कोणालाच ऐकू आला नाही. पण आमच्या घरात ओठ वाचणे सगळ्यांना येत होते. आप्पांनी वाचले. मी वाचले. “बंद.”

आप्पांनी एका हाताने खटका ओढला. धागा मध्येच तुटला, कापडात आडवी रेघ पडली, तो तुकडा पुढे व्यापाऱ्याने परत केला. शांतता झाली तेव्हा ती अजून म्हणतच होती, घशातून, जाड, शेवट गिळलेला: “बन्. बन्. बन्.”

“सांभाळ दादा,” प्रभाआत्या आतून म्हणाली, “आता मिलचा मालक बदलला.”

 आप्पा लूमच्या कडेला खाली बसले, हात मांडीखाली घेतले, आणि तोंड दाराच्या उजेडाकडे केले.